आंबेजोगाईचीं स्थलवर्णनें : एक परामर्श

बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाई या क्षेत्राचीं वर्णनें आजवर पुष्कळ झालीं आहेत. जेम्स बर्जेस यांचा बेदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवरील अहवाल इ. स. १८७८ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत येथील शिलालेखांस स्थान मिळालें. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहितांना यादव सिंघणाच्या प्रकरणीं त्यांचाच आधार घेतला. पुढें ग. ह. खरे यांनीं ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाचीं साधनें’ या मालेंत आंबें येथील लेखांचा परामर्श घेतला. असें असतां, यात्रेकरूंसाठीं व प्रवाशांसाठीं लिहिलेलीं वर्णनें पाहिलीं म्हणजे या श्रमांचा कांहींच उपयोग झाला नाहीं कीं काय, अशी शंका येते. वर्णनकार देवळापुढें उभा राहतो, पुजाऱ्यास नांव विचारतो व तेंच लिहून घेतो. बाजूच्या शिळेकडे त्याचें लक्ष जात नाहीं.

या रीतीनें काय गमावलें जातें, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. गांवांत ‘खोलेश्वराचें मंदिर’ म्हणून एक यादवकालीन वास्तु दाखविली जाते. खोलेश्वर हा मुद्गल कुळांतील ब्राह्मण, सिंघणाचा सेनापति. त्याच्या पराक्रमाचें व दानधर्माचें वर्णन आंब्याच्या लेखांत आहे, आणि वऱ्हाडांतील खोलापूर हें गांव आजही त्याचें नांव चालवीत आहे. तेव्हां हें मंदिर त्यानेंच बांधलें असा समज होणें स्वाभाविक आहे. शिवाय नांवाचा शेवट ‘ईश्वर’ असा असल्यामुळें हें एखाद्या महादेवाचेंच नांव असावें, असेंही भाविकांस वाटतें. परंतु शिलालेख निराळें सांगतो. खोलेश्वराचा पुत्र राम हा गुजराथेवरील स्वारींत नर्मदेच्या तीरीं लढतांना पडला. त्याचा मुलगा अज्ञान असल्यामुळें कारभार रामाची बहीण लक्ष्मी पाहूं लागली, व तिनें भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचें हें देवालय उभारलें. ज्याच्यासाठीं देवालय बांधावयाचें त्याचें नांव देवाच्या नांवास जोडण्याची जुनी चाल होती, तीच येथें दिसते.

म्हणजे मंदिर विष्णूचें, स्मरण भावाचें आणि बांधणारी बहीण. लोकांच्या तोंडीं मात्र बापाचें नांव उरलें. तेराव्या शतकांतील एक स्त्री भाच्याच्या वतीनें कारभार पाहते, देवालय बांधते व तसा लेख कोरविते, ही गोष्ट यादवकालाच्या अभ्यासकास मंदिराच्या खांबांहून कमी मोलाची नाहीं. स्थलवर्णनांतून लक्ष्मीचें नांव गळावें हा केवळ तपशिलाचा दोष नव्हे; मुख्य साक्षीदारच तेथें वगळला गेला आहे.

शके ११५० (इ. स. १२२८) मधील खोलेश्वरकालीन लेखाशीं संबद्ध असलेलें सकलेश्वराचें देवालय ‘बाराखांबी’ या नांवानें ओळखलें जातें. येथें तर लोकांनीं देवाचें नांवही टाकून खांबांची मोजणी तेवढी ठेविली. प्रचलित नांवें वर्णनांतून काढून टाकावीं असा याचा अर्थ नाहीं. वास्तूस पुढील पिढ्यांनीं कसें पाहिलें याचा तीं पुरावा होत. परंतु तो पुरावा नांव पडल्या काळाचा आहे, बांधणीच्या काळाचा नव्हे. हा विवेक वर्णनकारानें राखला पाहिजे.

आद्यकवि मुकुंदराजांच्या समाधीविषयीं याच विवेकाची गरज आहे. विवेकसिंधूचा काल शके १११० (इ. स. ११८८) सांगतात. ग्रंथांतील नगर व नदी यांच्या उल्लेखांवरून कोणी हें आंबेजोगाई मानतात, कोणी वैनगंगेच्या कांठचें आंभोरें. आंबेजोगाईचा पक्ष मांडणारे बहुधा समाधीकडे बोट दाखवून थांबतात. समाधि खरी मानली तरी तीवरून देहपाताचें स्थान ठरेल, ग्रंथरचनेचें नव्हे. उलट, आंभोऱ्याचा पक्ष घेणाऱ्यांनींही नदीच्या नांवाच्या एका पाठावर सर्व भिस्त ठेवणें बरें नाहीं. काल व स्थळ सांगणाऱ्या ओंव्या कोणत्या पोथींत आहेत, कोणत्या पोथींत नाहींत व कोणत्या पाठानें आहेत, हें कोष्टकरूपानें पुढें आल्यावांचून वाद मिटणार नाहीं. हें काम समाधीजवळ बसून होण्यासारखें नाहीं. तें पोथ्यांच्या संग्राहकांचें आहे.

या संग्राहकांस दासोपंतांचें स्थान अधिक समाधानकारक वाटेल. शके १४७३ मध्यें जन्मलेल्या या ग्रंथकारानें आपलें उत्तरायुष्य आंबेजोगाईस घालविलें, व गीतार्णवासारखा सव्वा लक्ष ओंव्यांचा म्हणून सांगितला जाणारा ग्रंथ रचला. पंचीकरणाचा विषय त्यांनीं सुमारें चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिला. हीच प्रसिद्ध पासोडी. न. शे. पोहनेरकर यांनीं ती संपादून अभ्यासकांपुढें ठेविली. वंशजांच्या ‘थोरलें’ व ‘धाकटें’ या दोन देवघरांनीं दासोपंतांची परंपरा सांभाळली, म्हणून येथें समाधि, घराणें व हस्तलेख एकमेकांची साक्ष देतात. तरीही स्थलवर्णनांतून शाईच्या रोजच्या खर्चाची आख्यायिका तेवढी रंगवून सांगितली जाते. आख्यायिकेस आमचा विरोध नाहीं. परंतु कापडावरील अक्षराचें वळण, आकृत्या व मजकुराची मांडणी यांविषयीं दोन ओळी लिहिल्या असत्या तर वाचकास अधिक लाभ झाला असता.

योगेश्वरीविषयीं एकच सूचना करावीशी वाटते. देवी अनेक कोंकणस्थ ब्राह्मण कुळांची कुलस्वामिनी आहे. तेव्हां यात्रा, नवस व दानें यांचे कागद क्षेत्रांतच शोधावे असें नाहीं, त्या कुळांच्या जुन्या दप्तरांतही ते पाहावे. शोध करणारानें हेंही ध्यानांत ठेवावें कीं, निजामी अमलांत हें गांव मोमिनाबाद या नांवानें नोंदलें जात असे. आंबें, जोगाईचें आंबें व मोमिनाबाद हीं तिन्हीं नांवें न पाहतां केलेला शोध अपुराच राहील.

तात्पर्य, येथील पुराव्यांची आपापली योग्यता आहे. शिळा बांधणाऱ्याचें नांव सांगते, पोथी ग्रंथकाराचें, आणि लोकांच्या तोंडचें नांव नंतरच्या स्मृतीचें स्वरूप सांगतें. एकाचें काम दुसऱ्याकडून करून घेऊं गेल्यास घोंटाळा होतो. यापुढें जो कोणी या क्षेत्राचें वर्णन लिहील, त्यानें प्रत्येक वास्तूखालीं ‘लोक काय म्हणतात’ व ‘लेख काय सांगतो’ असे दोन रकाने ठेवावे. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो खुशाल रिकामा ठेवावा. पण खोलेश्वराच्या मंदिराखालीं तरी त्यांत लक्ष्मीचें नांव अवश्य लिहावें.