‘दि लेडीज अम्यूजमेंट’ आणि आपलें लाखकाम

लंडनचा चित्रविक्रेता रॉबर्ट सेअर यानें 1760 च्या सुमारास ‘दि लेडीज अम्यूजमेंट’ हा नमुनाग्रंथ काढला. पेट्या, तबकें इत्यादि वस्तूंवर जपानी धाटणीचें लाखकाम कुलीन स्त्रियांनीं फावल्या वेळीं कसें करावें, हा त्याचा विषय. पिलमाँ आदि कलावंतांचीं 1500 हून अधिक चित्रें त्यांत आहेत. संग्राहकांत या ग्रंथाची मोठी प्रतिष्ठा आहे. चित्रांपुरती ती रास्तच. परंतु विद्या म्हणून ग्रंथाचें मोल आम्हांस बेताचेंच वाटतें.

कारण उघड आहे. छापील चित्रें रंगवावीं, कातरून लाकडावर चिकटवावीं व वर रोगणाचे हात द्यावे, एवढाच बहुधा हा व्यवहार. स्टॉकर व पार्कर यांचा 1688 सालचा ऑक्सफर्ड येथील ग्रंथ द्रव्याची पारख शिकवितो. सेअर सजावट शिकवितो. चिनी विषयांत मोकळीक अधिक, फुलपाखरानें हत्ती तोलला तरी चालेल, असा त्याचा उपदेश! औचित्यास काव्याचें जीवित मानणाऱ्या क्षेमेंद्राच्या वाचकानें येथें काय म्हणावें?

गंमत अशी कीं, नांव जपानी असलें तरी द्रव्य आपलें होतें. जपानांतील लाख हा एका झाडाचा चीक. तो युरोपांत मिळेना, म्हणून तेथील कारागिरांनीं हिंदुस्थानांतून जाणारी कीटकजन्य लाख वापरली. दारव्ह्याकडील रानांत दिसणारा पळस हा त्या किड्याचा एक आवडता आश्रय. अमरकोशानें लाखेस ‘द्रुमामय’, म्हणजे झाडाचा रोग, म्हटलें आहे, तें किती यथार्थ!

याच लाखेचें आपल्याकडील काम पाहावयाचें तर सावंतवाडीचा गंजिफा घ्यावा. दशावतारी गंजिफांत 10 रंग व प्रत्येकाचीं 12, अशीं 120 वाटोळीं पानें. चिंचोक्याच्या खळीनें थर जोडावे, लेप देऊन घोटावे, मग रंगवावें आणि लाखेचा हात द्यावा. येथें फुलपाखराच्या पाठीवर हत्ती चालत नाहीं. वामनाचा कमंडलू परशुरामाच्या पानावर काढला तर डावच मोडेल.

ही विद्या लोपत असतां 1970 नंतरच्या दशकांत राणी सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं ती वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांजकडून हस्तगत केली. राजवाड्यांत कारखाना चालविला, इतरांस शिकविलें. 2018 सालीं त्या निवर्तल्या. हीहि राजस्त्रीचीच हौस. पण तिनें कारागिराचें शिष्यत्व पत्करलें, आणि पोट भरणारा धंदा उभा राहिला. तिला ‘विरंगुळा’ या सदरांत टाकणें हा अन्याय होय.

म्हणून संग्राहकांस विनंती. सूचींत नुसतें ‘लाखकाम’ लिहूं नये. झाडाचा चीक कीं किड्याची लाख, चित्र हातचें कीं चिकटविलेलें, हें पाहून नोंदावें. आणि मळ काढण्यासाठीं स्पिरिट मात्र लावूं नये. किड्याची लाख त्यांत विरघळते आणि तिजबरोबर चित्रहि जातें.