एका नावाची हजार पुस्तके

टोपणनावे घेऊन भरमसाट लिहिणाऱ्यांचा विषय निघाला की जॉन क्रीझीचे (१९०८–१९७३) उदाहरण दिले जाते. सहाशेच्या आसपास पुस्तके, दोन डझनांहून अधिक नावे. गिडियन या पोलीस अधिकाऱ्याच्या कथा लिहिताना तो जे. जे. मॅरिक होई, ‘बॅरन’च्या कथांसाठी अँथनी मॉर्टन. हिशेब बाजाराचा होता: एकाच लेखकाची डझनभर पुस्तके एका वर्षात खपवणे अवघड, पण लेखकच अनेक झाले तर प्रश्न मिटतो.

नोएडापासून मेरठ दूर नाही. तिथल्या हिंदी पॉकेटबुक व्यवसायात याच्या नेमके उलट घडले. नाव प्रकाशकाच्या मालकीचे, त्यामागचे लिहिणारे हात बदलते.

मराठीने तिसरीच वाट धरली. चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६) यांनी बाबूराव अर्नाळकर हे एकच नाव घेतले आणि हजाराहून अधिक रहस्यकथा त्याच नावावर लिहिल्या. क्रीझीने वाटणी लेखकांत केली, अर्नाळकरांनी ती नायकांत केली. धनंजय आणि त्याचा सहायक छोटू गुन्हेगाराला कायद्याच्या हवाली करतात. काळा पहाड कायद्याला बगल देऊन दुष्टांना धडा शिकवतो. मुखपृष्ठावर लेखक तोच, आतला न्याय मात्र वेगळा. वाचकाला दोन्ही हवे होते, आणि त्यात त्याला विसंगती वाटली नाही.

हे सगळे इंग्रजीवरून उचललेले, असा आक्षेप जुना आहे. उसनवारी होतीच. पण अनुवादक म्हणून मला काय आणले यापेक्षा काय आणता आले नाही, हे अधिक बोलके वाटते. हॉर्नंगचा रॅफल्स उच्चभ्रू क्रिकेटपटू. चोरी हा त्याला बराचसा खेळ वाटतो. तो क्लब, ते वर्गीय ऐट गिरगाव-परळच्या वाचकाला परके होते. म्हणून मराठी चोराला नैतिक कारण द्यावे लागले. अशा जागी रूपांतर ही नक्कल राहत नाही. ते समाजाविषयीचे विधान होते.

समीक्षेने या कशाची दखल फारशी घेतली नाही. ‘अर्नाळकरांनी वाचनाची गोडी लावली’ हे वाक्य कौतुकाचे वाटते, पण त्यात पुस्तकाची शिडी केली आहे: वर चढा आणि शिडी विसरा. हजार पुस्तकांतले एखादे उचलून त्याची कलात्मकता जोखणे हेही अन्यायाचेच. इथे वाचनाचे एकक पुस्तक नव्हे, मालिका आहे. एकाच नायकाच्या वीस कथा क्रमाने वाचल्या, तर साचा कुठे टिकतो, कुठे मोडतो आणि त्या मोडण्यात काळ कसा शिरतो, ते दिसू शकेल.

त्यासाठी ते वीस अंक हाताशी हवेत. ही पुस्तके स्वस्त कागदावर छापली गेली, वाचनालयांतून हातोहात फिरली आणि फाटल्यावर रद्दीत गेली. त्यांचा दर्जा ठरवण्याची घाई नाही; जपण्याची मात्र आहे.