'दर्पण' : द्विभाषिक पृष्ठाची संहिता

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात 'दर्पण'ला आद्यत्वाचा मान दिला जातो आणि चर्चा बहुधा तेथेच थांबते. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत हे पत्र सुरू केले. प्रारंभी ते पाक्षिक होते, 4 मे 1832 पासून साप्ताहिक झाले आणि जुलै 1840 मध्ये बंद पडले. या साडेआठ वर्षांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली गौरवाची : 'दर्पण' हा मराठी पत्रकारितेचा उगम. दुसरी वाङ्मयेतिहासाची : 'दर्पण' ही मराठी निबंधगद्याची पूर्वतयारी, तिची परिणती भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये (1841) आणि त्यातून प्रसिद्ध झालेल्या लोकहितवादींच्या 'शतपत्रां'मध्ये. दोन्ही रीतींचे एक गृहीत समान आहे. 'दर्पण' ही मूलतः मराठी संहिता आहे, असे त्या धरून चालतात.

वस्तुतः 'दर्पण'च्या पानावर दोन स्तंभ शेजारीशेजारी छापले जात, एक इंग्रजी आणि एक मराठी. इंग्रजी स्तंभ ही निव्वळ सोय होती असे समजून तो बाजूला सारणे म्हणजे अर्धेच पान वाचणे होय. एतद्देशीयांना पाश्चात्त्य विद्यांची ओळख व्हावी आणि देशाच्या हिताविषयी मोकळेपणाने विचार करण्यास स्थान मिळावे, हे पत्राचे घोषित हेतू होते. पहिला हेतू मराठी वाचकाकडे वळलेला आहे. दुसरा हेतू मात्र राज्यकर्त्यांच्या साक्षीशिवाय अपुरा राहतो. मेटकाफ यांच्या कारकिर्दीत मुद्रणावरील निर्बंध उठले ते 1835 मध्ये; 'दर्पण' त्यापूर्वी तीन वर्षे निघाले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते.

मुद्रित भाषेतून एका भाषिक समुदायाची कल्पना साकार होते, असे बेनेडिक्ट अँडरसन यांनी 1983 मध्ये प्रतिपादन केले. 'दर्पण' या प्रतिपादनात सहजासहजी बसत नाही. त्याचे पान दोन वाचकवर्ग कल्पिते, आणि एकाशी चाललेले बोलणे दुसऱ्याच्या कानावर पडेल अशी रचना करते. हाबरमास यांच्या विवेचनात सार्वजनिक क्षेत्र हे निदान तत्त्वतः समानांचे असते. येथे मात्र शासक आणि शासित एकाच पृष्ठावर येतात, पण समान होत नाहीत. 'दर्पण'मध्ये चर्चिला गेलेला विधवापुनर्विवाहाचा प्रश्न उदाहरणादाखल घेता येईल. मराठी स्तंभाच्या वाचकापुढे तो शास्त्रार्थाचा आणि ज्ञातिव्यवहाराचा प्रश्न म्हणून उभा राहतो, तर इंग्रजी वाचकासाठी तोच मजकूर एतद्देशीय समाजाविषयीचा पुरावा ठरू शकतो. विषय एकच असला तरी उक्तीचे प्रयोजन बदलते. 'दर्पण'मधील गद्याचा संयम केवळ बाळशास्त्रींच्या स्वभावातून आला असे मानणे म्हणूनच पुरेसे नाही. दुहेरी श्रोत्याचे भान हेही त्याचे एक कारण मानावे लागते.

द्विभाषिकता ही मराठी गद्याची बाल्यावस्था होती, असा निष्कर्षही टिकत नाही. 1862 मध्ये निघालेले 'इंदुप्रकाश' इंग्रजी-मराठी होते, आणि 1888 मधील 'सुधारका'तही आगरकरांचे मराठी व गोखल्यांचे इंग्रजी लेखन एकाच पत्रात नांदत होते. याउलट 1881 मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन स्वतंत्र पत्रे निघाली. एका पानावरील दोन स्तंभांची जागा दोन पत्रांनी घेतली. राज्यकर्त्यांशी बोलण्याची भाषा आणि स्वजनांशी बोलण्याची भाषा यांची ही फारकत होती. तिच्यामुळे मराठी गद्याला आवेश आणि आत्मीयता लाभली हे खरे, परंतु परक्या वाचकासमोर आपलेच म्हणणे तपासून पाहण्याची 'दर्पण'च्या पानाने घातलेली अट तेथे सैल झाली.

वाङ्मयेतिहासाने 'दर्पण'ला आरंभबिंदू ठरवून एका सरळ रेषेवर बसवले. त्या रेषेसाठी मराठी स्तंभ पुरेसा होता, म्हणून इंग्रजी स्तंभ नजरेआड झाला. वसाहतकालीन मराठी गद्याची चिकित्सा करताना एकेका भाषेतील उताऱ्याऐवजी संपूर्ण पृष्ठ हे अभ्यासाचे एकक मानले, तरच 'दर्पण'चा अल्पायुषी प्रयोग हा अपुरा आरंभ न वाटता स्वतःचे तर्कशास्त्र असलेली एक पूर्ण रचना म्हणून वाचता येईल.