धक्क्यावरचा बाजार

जुन्या वास्तूत नवी दुकाने थाटली, की आपल्यातील रसिक मंडळी लगेच नाके मुरडतात. मीही त्यांच्यातलाच, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फेरी बिल्डिंग’पुढे माझी पंचाईत होते.

१८९८ साली उघडलेल्या या वास्तूचा आराखडा ए. पेज ब्राऊन यांचा. सेव्हिलच्या गिराल्डाची आठवण देणारा २४५ फुटी घड्याळाचा मनोरा, आणि मागे वरच्या मजल्यावर, छतातून उजेड घेणारे ६६० फूट लांबीचे दालन! उपसागरावर पूल नव्हते तोवर पलीकडून बोटीने येणारे हजारो चाकरमाने याच दालनातून शहरात शिरत. १९०६ चा भूकंप वास्तूने पचवला. १९३६ आणि १९३७ साली झालेल्या दोन पुलांनी मात्र तिचे उतारू पळवले. मग दालनात कचेऱ्या कोंबल्या गेल्या, आणि तोंडासमोर दुमजली मोटार-रस्ता उभा राहिला. १९८९ च्या भूकंपाने तो खिळखिळा झाला व १९९१ मध्ये पाडला गेला. (भूकंपालाही रसिकता असते, असे म्हणणार होतो, पण त्यात माणसे दगावली, म्हणून जीभ आवरतो.)

२००३ साली वास्तू नव्याने उघडली : खाली बाजार, वर कचेऱ्या. दालनातली अडगळ काढून छताचा उजेड मोकळा केला, हे उत्तमच. पण तो खालपर्यंत पोचावा म्हणून वरच्या मजल्याला दोन मोठी भगदाडे पाडली. उतारूंच्या पायांखालची जमीनच कापली म्हणा ना! यावर पुष्कळांनी हळहळावे. मला ते पटते. एरवी खालच्या बाजाराला तळघराची कळा आली असती.

माझी तक्रार निराळी आहे. एवढे उंच छत गर्दीसाठी होते. साध्या कारकुनालाही घरी जाताना त्याखालून ऐटीत चालता येई. आज ते वैभव बव्हंशी कचेऱ्यांच्या वाट्याला गेले. गर्दी खाली पाव, चीज आणि कालवांच्या दुकानांत. तिथले भावही त्या कारकुनाच्या खिशाला बेतलेले नाहीत.

तरीही मागच्या बाजूला बोटी अजून लागतात. संध्याकाळची बोट गाठणारा माणूस पावाची पिशवी सांभाळत बाजारातूनच धावतो. धक्का बंद करून तीही जागा दुकानांना दिली असती, तर हा लेख मी निराळ्या शब्दांत लिहिला असता.