गळ्यातली सुरी

नागझिरा अभयारण्याच्या दाराशी, चोरखमाऱ्याला, निघताना मी सुरी घरी ठेवून येतो. जुन्या शिकारी सुऱ्या जमवायचा मला नाद आहे. त्या नुसत्या कपाटात न ठेवता वापरण्याचाही आहे. पण लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 31 तसं सांगतं, आणि ते मला मनापासून पटतं. सुरीऐवजी पिशवीत मोगलीच्या गोष्टी असतात. रुडयार्ड किपलिंगने त्या लिहिल्या दूर अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये. पहिलं पुस्तक 1894 चं, दुसरं 1895 चं. त्यांतली नदी मात्र वैनगंगा आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावून ती इथे तिरोडा तालुक्याच्या कडेने वाहते. त्यामुळे नागझिऱ्याच्या या दाराशी बसून त्या गोष्टी वाचताना घरचंच काही वाचतोय असं वाटतं.

या गोष्टींत मला सगळ्यांत जास्त भावते ती मोगलीच्या गळ्यातली सुरी. लांडग्यांत वाढला तेव्हा ती त्याच्याकडे नव्हती. माणसांत राहायला आला आणि म्यानातली सुरी गळ्यात आली. म्हणजे ती माणसांची देणगी. तिचं पहिलं मोठं काम आहे शेरखानचं कातडं सोलणं. वाघ मेलाय तो म्हशींच्या पायांखाली चिरडून, सुरीने नाही. किपलिंग इथे पराक्रमाचं वर्णन करत नाही, मेहनतीचं करतो. दहा फुटी वाघ, एकटा पोरगा, तासभर चाललेली ओढाताण आणि कण्हणं. जनावराच्या अंगावर कातडं कसं बसलेलं असतं हे मोगलीला ठाऊक आहे, म्हणून ते निघतं कसं हेही त्याला कळतं. ज्याने सुरीने खरंच काम केलंय, त्याला हा तपशील लगेच पटेल. अर्धं काम धार करते, उरलेलं अर्धं समज करते. तेवढ्यात बंदूक घेऊन बुलदेव येतो. गावात शिकारीच्या गप्पा मारणाऱ्या या माणसाचा डोळा आहे कातड्यावरच्या शंभर रुपयांच्या बक्षिसावर. बंदूक नुसती बोलते आणि सुरी मुकाट्याने काम करत राहते, असा तो प्रसंग आहे.

पुढे हीच सुरी मोगलीला गावात मुलगा मानणाऱ्या मेसुआच्या हातापायांचे दोर कापते. सोलणारं पातं इथे सोडवणारं होतं, आणि मोगली त्या वेळी एक शब्दही बोलत नाही.

पण संग्राहकाने पुन्हा पुन्हा वाचावा असा प्रसंग आहे तो राजाच्या अंकुशाच्या गोष्टीतला. जमिनीखाली खजिना आहे, पांढरा नाग त्याची राखण करतोय. मोगलीला तिथे एक-दोन देखण्या सुऱ्या सापडतात. तो त्या हातात घेतो आणि टाकून देतो, कारण त्याच्या स्वतःच्या सुरीइतका त्यांचा तोल जमलेला नाही. एका वाक्यात किपलिंगने सगळी पारख सांगून टाकली आहे. माझ्याकडची सर्वांत जुनी सुरी अगदी साधी आहे. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं, दोन्ही अंगांना शिसवी पट्ट्या, त्या तीन पितळी खिळ्यांनी ठोकलेल्या. पातं आणि मूठ जिथे मिळतात, तिथे तर्जनीवर आडवी ठेवली की ती कुठेच कलत नाही. मनगटाला तिचं वजन जाणवत नाही, म्हणून काम संपेपर्यंत हात थकत नाही. नक्षी आणि रत्नं डोळ्यांसाठी असतात. तोल कळतो तो हातालाच.

गंमत म्हणजे त्याच खजिन्यातून मोगली एक वस्तू उचलतो, ती निव्वळ सुंदर म्हणून. तो रत्नजडित अंकुश जंगलात टाकून दिल्यावर एका रात्रीत सहा माणसांचा जीव घेतो. त्यांत एक गोंड शिकारीही आहे. आपल्या गोंदियात हे वाचताना तो परका वाटत नाही. मोगलीची सुरी रोज वापरात असूनही हावेपोटी कुणाला मारत नाही. अंकुशाला मात्र कुणी वापरतही नाही, त्याचा फक्त हव्यास धरला जातो. माझ्या छंदाला लागू पडणारी याहून मोठी ताकीद मला कुठे मिळालेली नाही.

शेवटी कोळसुनांची, म्हणजे रानकुत्र्यांची, लढाई येते. मोगली कळपाला वचन देतो की माझी सुरी तुमचाच एक दात समजा. माणसांकडून आलेली वस्तू इथे लांडग्यांची होते, आणि मोगलीचं दोन्हीकडचं असणं त्या एका पात्यात मावतं. दोनशे कोळसून येतात ते दख्खनेकडून, म्हणजे आपल्याच दिशेने. त्यांच्यातला एकही परत जात नाही.

हे वाचून मी चोरखमाऱ्याच्या तलावाकडे जातो. नागझिरा या रानकुत्र्यांसाठी ओळखलं जातं, आणि काठच्या ओल्या मातीत कधी त्यांचे माग दिसतात. बोटांची चार टोकं, पुढे नखांचे टिपके. मी वाकून बघतो तेव्हा गळ्यात काही नसतं, कमरेला काही नसतं. मोगलीने नाग राखत असलेल्या त्या सुऱ्या खाली ठेवल्या, ते इथे आठवतं. कुठली वस्तू हाती धरायची हे ज्याला कळतं, त्याला ती कुठे ठेवून यायची हेही कळायला हवं.