‘ऑनलाइनमुळे दुकानं संपली’ : एका वाक्याची उलटतपासणी

रिटेलवर सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिल्या पानावर एक वाक्य आपसूक उतरतं : “ई-कॉमर्सच्या वाढीमुळे पारंपरिक दुकानांचा ऱ्हास झाला.” त्याखाली उद्दिष्टं, मग गृहीतक, मग पाच पर्यायांची प्रश्नावली. माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं. समितीतल्या एका बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, “हे तुम्ही शोधणार आहात, की तुम्हाला आधीच माहीत आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज तुमच्याबरोबर तेच वाक्य नीट उलगडून बघायचं आहे, आणि त्यासाठी ब्रिटनचं उदाहरण घेतो. कारण तिथे हे वाक्य वर्तमानपत्रांपासून एमबीएच्या केस स्टडीपर्यंत सगळीकडे वापरलं गेलंय, आणि ते तपासायला लागणारी कागदपत्रं तिथे उघड्यावर आहेत.

आधी थोडी ओळख. ब्रिटनमधल्या जवळपास प्रत्येक गावात एक ‘हाय स्ट्रीट’ असते, म्हणजे मुख्य बाजाराचा रस्ता. पुण्याचा लक्ष्मी रोड डोळ्यासमोर आणा. त्या रस्त्यावर मोक्याच्या जागी तीन-चार मजली डिपार्टमेंट स्टोअर असायचं. खाली अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनं, वर कपडे, त्याच्या वर भांडीकुंडी-फर्निचर, आणि कुठेतरी चहाचं उपाहारगृह. डेबनहॅम्स, बीएचएस, हाउस ऑफ फ्रेझर, जॉन लुईस ही त्यातली मोठी नावं. डेबनहॅम्सचं मूळ तर १७७८ सालच्या लंडनमधल्या एका कापडदुकानापर्यंत जातं. बीएचएस ऑगस्ट २०१६ मध्ये कायमचं बंद झालं, डेबनहॅम्स मे २०२१ मध्ये. बीएचएसमधल्या सुमारे ११ हजार आणि डेबनहॅम्समधल्या सुमारे १२ हजार लोकांच्या नोकऱ्यांचा हा प्रश्न होता. त्यामुळे ‘कारण काय’ हा नुसता चर्चेपुरता प्रश्न नाही. कारण ‘इंटरनेट’ असेल तर दोष कुणाचाच नाही, हवामानासारखं आलं आणि गेलं. कारण दुसरं काही असेल तर कुणीतरी ते निर्णय घेतलेले असतात.

८३ टक्के म्हणजे नेमके किती?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये कोस्टार या मालमत्तेची आकडेवारी ठेवणाऱ्या कंपनीच्या हवाल्याने एक आकडा गाजला : बीएचएस कोसळल्यापासूनच्या पाच वर्षांत ब्रिटनने मुख्य साखळ्यांची ८३ टक्के डिपार्टमेंट स्टोअर्स गमावली. ४६७ होती, ७९ उरली. आकडा चुकीचा नाही, वजाबाकीही बरोबर आहे. पण तुम्ही संशोधक म्हणून याकडे बघताय, तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा : इथे मोजण्याचं एकक काय आहे?

४६७ मधून ७९ गेली की ३८८ राहतात. बंद पडली त्या वेळी बीएचएसची १६० च्या वर दुकानं होती. डेबनहॅम्सचीही या काळाच्या सुरुवातीला तेवढीच. दोघांची मिळून सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे बंद झालेल्या दर पाच दुकानांपैकी चारांहून जास्त दुकानं फक्त दोन कंपन्यांची! आणि कंपनी दिवाळखोरीत जाऊन मोडीत निघाली की तिची सगळी दुकानं बंद होतात, नफ्यातलंही आणि तोट्यातलंही. गाव श्रीमंत आहे की गरीब, तिथे ब्रॉडबँड वेगवान आहे की रडतखडत चालतं, याने काही फरक पडत नाही.

आता समजा तुम्ही गावनिहाय डेटा जमवला, ‘दुकान बंद झालं की नाही’ हे अवलंबी चल ठेवलं आणि ‘ऑनलाइन खरेदीचं प्रमाण’ हे स्वतंत्र चल. सॉफ्टवेअर तुम्हाला निकाल देईल, तारांकित पी-व्हॅल्यूसुद्धा देईल. पण ही ३८८ निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीतच. त्यातल्या बहुतेकांमागे दोन बोर्डरूममधले निर्णय आहेत. नमुना ३८८ चा दिसतो, पण बऱ्याच अंशी तो दोनाचा आहे. ‘सॅम्पल साइज पुरेसा आहे का’ असं आपल्याला विचारलं की आपण लगेच सूत्र काढून दाखवतो. ‘सॅम्पल कशाचा आहे’ हे आपण स्वतःलाही विचारत नाही.

तारखा लावून बघा

कारण-परिणामाचा दावा तपासायला सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे कालक्रम. ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय एकूण किरकोळ विक्रीत इंटरनेटवरच्या विक्रीचा वाटा दर महिन्याला देतं. २००६ च्या अखेरीस तो सुमारे ३ टक्के होता. करोनाच्या आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, सुमारे २० टक्के. जानेवारी २०२१ च्या टाळेबंदीत ३७ टक्क्यांच्या आसपास गेला आणि नंतर पुन्हा पंचवीस-सत्तावीसवर येऊन थांबला.

आता शेजारी डेबनहॅम्सच्या तारखा लिहा. २००३ मध्ये प्रायव्हेट इक्विटी कंपन्यांच्या एका गटाने ती विकत घेतली. २००५ मध्ये तिच्या २३ दुकानांच्या इमारती ब्रिटिश लँड या मालमत्ता कंपनीला ४९ कोटी ५० लाख पौंडांना विकल्या आणि त्याच इमारती ३५ वर्षांच्या कराराने भाड्याने घेतल्या, दर वर्षी अडीच टक्के भाडेवाढीसह. स्वतःचा वाडा विकून त्याच वाड्यात भाडेकरू व्हायचं, तसा प्रकार. गुंतवणूकदारांनी सुमारे १२० कोटी पौंड लाभांश काढून घेतला आणि २००६ मध्ये कंपनी अब्जावर कर्जासह पुन्हा शेअर बाजारात आणली. हे सगळं झालं तेव्हा ऑनलाइन विक्री अजून ३ टक्क्यांवरच होती. अडीच टक्के वाढ लहान वाटते? चक्रवाढीने गणित करा, ३५ वर्षांत भाडं दुपटीच्याही पुढे जातं. विक्री वाढो न वाढो.

मग ऑनलाइनचा काही संबंधच नाही का? आहे ना! विक्री घसरायला लागली तेव्हा स्वतःच्या इमारतीत बसलेला दुकानदार एखादा मजला बंद करू शकतो, भाड्याने देऊ शकतो, इमारत तारण ठेवून दुकानाची डागडुजी करू शकतो. ज्याने इमारत आधीच विकलीय त्याच्याकडे यातलं काहीच नसतं. म्हणजे दोन कारणांची बेरीज नाही, तर एकाच्या असण्याने दुसऱ्याचा घाव खोल होतो. तुमच्या भाषेत हा ‘इंटरॅक्शन इफेक्ट’. एमए-एमकॉमला हा शब्द पाठ केला असेल, इथे तो चालताना दिसतो.

शिवाय त्या ३ आणि २० टक्क्यांकडेही जरा संशयाने बघा. त्यात दुकानांच्या स्वतःच्या वेबसाइटवरची विक्रीही धरलेली असते. डेबनहॅम्स स्वतः ऑनलाइन विकत होतं. ‘ऑनलाइन विरुद्ध दुकान’ ही विभागणी त्या आकड्यात मुळात नाहीच. ती आपण वाचताना घालतो. जानेवारी २०२१ मध्ये बुहू या ऑनलाइन कंपनीने डेबनहॅम्सचं नाव आणि वेबसाइट ५ कोटी ५० लाख पौंडांना घेतली. दुकानं घेतली नाहीत, माणसंही नाहीत. आणि २०२५ मध्ये बुहूने स्वतःचंच नाव बदलून डेबनहॅम्स ग्रुप केलं.

उलट उदाहरण शोधताना सर्वात आधी प्रायमार्क बघा. स्वस्त कपड्यांची ही साखळी. २०२२ च्या अखेरीस ‘ऑर्डर करा आणि दुकानातून न्या’ हा प्रयोग सुरू करेपर्यंत ती ऑनलाइन जवळपास काहीच विकत नव्हती, आणि या सगळ्या वर्षांत ती त्याच हाय स्ट्रीटवर वाढत होती. २००५ मध्ये तिच्या मूळ कंपनीने लिटलवुड्स या जुन्या साखळीची ११९ दुकानं घेतली आणि त्यातली बरीच प्रायमार्क केली. (लिटलवुड्स हे नाव आपल्याला परकं वाटेल. पण त्यांचं भारतातलं दुकान टाटांनी १९९८ मध्ये घेतलं आणि त्याचं वेस्टसाइड झालं.) लोकांनी हाय स्ट्रीटवर कपडे घेणं थांबवलं असतं तर प्रायमार्क उभं राहिलंच नसतं.

आता आपल्या आवडत्या उत्तराकडे

इथपर्यंत वाचून तुमच्यातले काही जण खूश झाले असतील. खलनायक सापडला : प्रायव्हेट इक्विटी, लोभी मालक. मीही झालो होतो. बीएचएसची कहाणी वाचली की रक्त तापतंच. फिलिप ग्रीन यांनी २००० मध्ये ती २० कोटी पौंडांना घेतली. २००२ ते २००४ या काळात ४० कोटींहून जास्त लाभांश वाटला गेला, त्यातला मोठा भाग ग्रीन कुटुंबाकडे. काही दुकानांच्या इमारती कुटुंबाच्याच एका जर्सीमधल्या कंपनीकडे गेल्या आणि बीएचएस त्यांना भाडं देऊ लागलं. मार्च २०१५ मध्ये कंपनी १ पौंडाला विकली, एप्रिल २०१६ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पेन्शन निधीत ५७ कोटी १० लाख पौंडांची तूट निघाली. शेवटी २०१७ मध्ये ग्रीन यांनी निधीला ३६ कोटी ३० लाख द्यायचं मान्य केलं.

हे आपल्याला इतकं तपशिलात माहीत आहे, कारण ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांनी जुलै २०१६ मध्ये एकत्र अहवाल काढला. जरूर वाचा, सरकारी अहवाल इतका धारदार असू शकतो हे बघूनच चकित व्हाल. पण साधन म्हणून वापरताना एक लक्षात ठेवा. समितीचा प्रश्न होता ‘जबाबदार कोण?’ तुमचा प्रश्न आहे ‘डिपार्टमेंट स्टोअर हा प्रकार का मागे पडला?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवता येत नाही. ग्रीन यांच्या मालकीआधीही बीएचएसच्या मालात फारसं नवं काही उरलं नव्हतं असा दावा कुणी केला, तर तो अहवाल त्याला खोडून काढत नाही. त्याचं ते कामच नव्हतं.

खरी अडचण जॉन लुईस आणते. ही साखळी कर्मचाऱ्यांच्याच मालकीच्या ट्रस्टकडे आहे, १९२९ पासून. इथे कुणी लाभांश उपसून नेणारा मालक नाही. तरीही २०२० मध्ये ८ आणि २०२१ मध्ये आणखी ८ दुकानं त्यांनी कायमची बंद केली, आणि कर्मचाऱ्यांचा वार्षिक बोनस १९५३ नंतर पहिल्यांदाच शून्यावर आला. तुमचं गृहीतक ‘कर्ज आणि लाभांश यामुळेच’ असेल, तर हे उदाहरण त्याला छेद देतं. पण जॉन लुईस बंद पडलं नाही, आकुंचन पावलं. मोडणं आणि आकसणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि कदाचित त्यांची कारणंही वेगळी. बहुतेक लेखांत दोन्हींना ‘ऱ्हास’ हा एकच शब्द वापरलेला दिसेल. मला विचाराल तर सगळा गोंधळ त्या शब्दात आहे. सिनॉप्सिसमध्ये ‘ऱ्हास’ लिहिलात तर त्याची कार्यकारी व्याख्या द्या : दुकानांची संख्या, विक्रीतला वाटा, चौरस फूट, की नोकऱ्या? प्रत्येकाचा आलेख वेगळा निघेल.

आणि हा आलेख कुठून सुरू करायचा? लंडनचं गॅमेजेस १९७२ मध्ये बंद झालं, व्हाइटलीज १९८१ मध्ये, पिकाडिली सर्कसचं स्वॉन अँड एडगर १९८२ मध्ये. तेव्हा वेब जन्मालाही आलं नव्हतं. १९८६ मध्ये गेट्सहेडला मेट्रोसेंटर, १९९० मध्ये शेफील्डजवळ मेडोहॉल असे गावाबाहेरचे मोठे मॉल उघडले, फुकट पार्किंगसह. तुम्ही अभ्यासकाळ २००० पासून घेतलात तर इंटरनेट हे कारण आपोआप मोठं दिसणार, कारण आधीची कारणं तुम्ही चौकटीबाहेर ठेवलीत. ‘अभ्यासाची व्याप्ती व मर्यादा’ या दोन परिच्छेदांकडे आपण औपचारिकता म्हणून बघतो, निम्मा निष्कर्ष तिथेच ठरतो.

एक गोष्ट मात्र या चर्चेत कायम तळटिपेत जाते, ती म्हणजे कर. इंग्लंडमध्ये दुकानांवरचा मालमत्ता कर जागेच्या अंदाजित भाड्यावर ठरतो. २०१० ची यादी एप्रिल २००८ च्या भाड्यांवर आधारलेली होती, म्हणजे मंदीच्या आधी भाडी चढलेली असतानाच्या. पुढचं मूल्यांकन २०१५ मध्ये व्हायचं होतं, ते सरकारने २०१७ पर्यंत पुढे ढकललं. ज्या गावांत भाडी कोसळली होती तिथली दुकानं तोवर जुन्या भाड्याच्या हिशेबाने कर भरत राहिली. जितकी जागा मोठी तितका कर मोठा, आणि डिपार्टमेंट स्टोअरपेक्षा मोठी जागा त्या रस्त्यावर कुणाची असणार? यात खलनायक नाही, ॲप नाही, म्हणून मथळाही नाही. तुलनेसाठी मात्र हे सोन्यासारखं आहे : एकच धोरण, एकच तारीख, आणि गावागणिक वेगळा परिणाम. वर म्हटलेली ‘नमुना दोनाचा’ ही अडचण इथे बरीच कमी होते, निदान जिवंत राहिलेल्या साखळ्यांनी कुठलं दुकान ठेवलं आणि कुठलं बंद केलं हे तपासताना. न्यूकॅसलचं फेनविक किंवा नॉरिचचं जॅरोल्ड अशी कौटुंबिक मालकीची दुकानं आजही चालू आहेत, त्यांनाही यादीत घ्या. फक्त मेलेल्यांचा अभ्यास करून मरणाचं कारण सांगता येत नाही.

ज्यांना हे प्रत्यक्ष करून बघायचंय त्यांच्यासाठी : ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर कंपन्यांचे वार्षिक हिशेब फुकट उतरवता येतात, आपल्याकडे त्यासाठी थोडी फी पडते. डेबनहॅम्सचे २००४ ते २०१८ चे अहवाल काढा आणि नफा-तोटा पत्रक बाजूला ठेवून मागच्या टिपांमधलं भाडेकरारांच्या देण्यांचं पान उघडा. ते आकडे एका रकान्यात, सांख्यिकी कार्यालयाची ऑनलाइन टक्केवारी शेजारच्या रकान्यात. एक्सेलमध्ये एका दुपारचं काम आहे. गाईडकडे जाण्याआधी ते करून जा, आणि पहिल्या पानावरचं ते वाक्य तोवर पेन्सिलीनेच लिहा.