समिधा, ऊस आणि वेळू

पत्रिकेवर आजचा विषय ‘पुरुषाच्या मनातली मापं’ असा छापला आहे. त्यात थोडा आडपडदा आहे, तो आधी दूर करू. शिश्नाच्या लांबीबद्दल पुरुषाला चिंता वाटते. ती चिंता त्याच्या मनाचं काय करते, याबद्दल आज बोलायचं आहे. आम्ही डॉक्टर नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग आमचं इथं काय काम, असं कुणी विचारील. काम आहे. या चिंतेचं मूळ शरीरात फार थोडं आणि एका शब्दात फार मोठं आहे. तो शब्द म्हणजे ‘लहान’. शब्द तपासून बघणं हाच आमचा व्यवसाय होता.

सुरुवात वैशेषिकांपासून करू. वैशेषिक दर्शनात परिमाण हा द्रव्याचा एक गुण मानलेला आहे आणि त्याचे अणू, महत्, दीर्घ आणि ह्रस्व असे चार प्रकार सांगितले आहेत. तिथे प्रशस्तपादांनी एक साधा दाखला दिला आहे, समिधा, ऊस आणि वेळू यांचा. समिधा उसाशेजारी ठेवली की आपण तिला आखूड म्हणतो. तोच ऊस वेळूशेजारी ठेवला की आता ऊस आखूड! प्रशस्तपाद सांगतात, या तिन्ही वस्तू मुळात दीर्घच आहेत. त्यांना ‘ह्रस्व’ म्हणणं हा भाक्त प्रयोग, म्हणजे गौण, तुलनेच्या सोयीपुरता. खरं ह्रस्वत्व त्यांच्या मते फक्त द्व्यणुकात, दोन परमाणूंच्या जोडीत असतं.

उसाशेजारी ठेवल्यानं समिधेचं काही बिघडत नाही. माणसाचं बिघडतं. ‘मी अमक्यापेक्षा लहान’ या वाक्यातला ‘अमक्यापेक्षा’ हळूहळू गळून पडतो आणि ‘मी लहान’ एवढंच उरतं. एका संबंधाचा गुण होतो, आणि पुढे त्या गुणाचा दोष होतो. या गळालेल्या शब्दाचा माग आज तीन ठिकाणी काढू. वात्स्यायनाचं कामसूत्र, अर्नेस्ट हेमिंग्वेच्या आठवणींतलं एक प्रकरण आणि आपल्या र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’.

कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीच पुरुषांचे तीन वर्ग येतात: शश, वृष आणि अश्व. ससा, बैल, घोडा. लोकांना एवढंच ठाऊक असतं, आणि जो तो मनातल्या मनात घोड्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो. पण त्याच दमात स्त्रियांचेही तीन वर्ग येतात: मृगी, वडवा, हस्तिनी. म्हणजे एकट्या पुरुषाचं माप तिथे नाहीच, आहे ती जोडी. तीन जोड्या सम, सहा विषम. आणि निकाल काय? सम त्या श्रेष्ठ. सर्वांत कनिष्ठ कुठल्या, तर ज्यांत अंतर सगळ्यांत जास्त आहे त्या दोन. त्यातल्या एकीत पुरुष अश्व आहे आणि स्त्री मृगी आहे. म्हणजे ज्याला आपण विजेता समजतो तो इथे तळाला बसलेला आहे! मधल्या जोड्यांत मात्र वात्स्यायन पुरुषाकडे किंचित झुकतं माप देतो, हेही सांगितलं पाहिजे. सोयीचं तेवढंच वाचणं ही टीका नव्हे.

आणखी दोन गोष्टी बघा. एक, सूत्रात प्राण्यांची नावं आहेत, आकडे नाहीत. सहा, नऊ, बारा अंगुळं हा हिशेब पुढे यशोधराच्या जयमंगला टीकेत येतो. पट्टी आणली ती टीकाकारानं. दोन, मापाच्या लगेच पुढे वात्स्यायन काळाप्रमाणे आणि आवेगाप्रमाणे तसेच नऊ-नऊ प्रकार सांगतो. आकार हा तीन निकषांतला एक. ते बाकीचे दोन निकष कुणाच्या लक्षात आहेत? तरीही वात्स्यायनाला आम्ही निर्दोष म्हणणार नाही. शेवटच्या औपनिषदिक अधिकरणात आकार वाढवण्याचे उपाय त्यानं नोंदवले आहेत, आणि त्यात किड्यांचे केस चोळून सूज आणण्याचासुद्धा प्रकार आहे. अशा चमत्कारिक प्रयोगांना आवर घालायला तो शेवटी सांगतो खरा, पण यादी राहते आणि इशारा विसरला जातो. वर्गीकरण करणाऱ्याला वाटतं आपण फक्त वर्णन केलं. वाचणारा त्यात आपला नंबर शोधतो.

आता जरा लांब, पॅरिसला जाऊ. कारण ही चिंता एखाद्या अडाणी माणसाची असते असा आपला समज असतो. हेमिंग्वेचं ‘अ मूव्हेबल फीस्ट’ त्याच्या मृत्यूनंतर १९६४ साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या एका प्रकरणाचं नावच मुळी मापांवरून दिलेलं आहे. ‘द ग्रेट गॅट्सबी’चा लेखक स्कॉट फिट्झजेराल्ड जेवणाच्या टेबलावर हेमिंग्वेला सांगतो की, त्याची बायको झेल्डा म्हणाली, तुझी ठेवण अशी आहे की तू कुठल्याच स्त्रीला सुखी करू शकणार नाहीस. प्रश्न मापाचा आहे. हेमिंग्वे त्याला स्वच्छतागृहात नेऊन बघतो आणि सांगतो, तू अगदी व्यवस्थित आहेस. वरून खाली बघितलं की आखूडच दिसतं, असंही समजावतो. ते खरंच आहे. स्वतःचं आपण वरून बघतो, दुसऱ्याचं समोरून किंवा बाजूनं. मग तो त्याला लूव्र संग्रहालयात पुतळे दाखवायला नेतो. तरी फिट्झजेराल्डची शंका जात नाही.

हे प्रकरण विनोदी म्हणून वाचतात. आम्हांला ते तसं वाटत नाही. तुलनेनं झालेल्या दुखण्यावर हेमिंग्वे तुलनेचंच औषध देतो आहे. झेल्डाच्या पट्टीवर तू लहान, पुतळ्यांच्या पट्टीवर ठीक. पण पट्टी हातात आहे तोवर उद्या तिसरी पट्टी येणारच. त्यात गंमत अशी की, ग्रीक शिल्पकारांनी देवांचे आणि वीरांचे अवयव मुद्दाम लहान घडवले. लहान हे संयमाचं लक्षण मानलं जाई. मोठे अवयव दारुड्या, वखवखलेल्या सॅटरांना, म्हणजे हसण्यावारी न्यायच्या पात्रांना. म्हणजे धीर मिळवायला ज्या पट्टीकडे गेले तीही एका संस्कृतीनं घडवलेली. अथेन्समधल्या तरुणाला कदाचित उलटी चिंता पडली असती.

दुसरी गोष्ट लेखकाच्या नैतिकतेची. फिट्झजेराल्ड १९४० साली वारला, झेल्डा १९४८ साली. दोघांनाही उत्तर द्यायची सोय उरली नाही. मित्रानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट हेमिंग्वे जगाला सांगतो आणि सगळा दोष झेल्डावर टाकतो. तिला तुझा नाश करायचा आहे, असं तो मित्राला बजावतो. या प्रकरणात तपासणारा, निकाल देणारा आणि शांत, निर्धास्त पुरुष कोण? हेमिंग्वे स्वतः. त्याचं माप कुणी विचारत नाही. पुरुषापुरुषांतल्या या विषयाची रचना बहुधा अशीच असते. एकाचं दुखणं हे दुसऱ्याचं आसन होतं. वसतिगृहातली थट्टा, तालमीतले टोमणे, नवरदेवाला मित्रांनी मारलेले शेरे यांत वेगळं काय चालतं?

आता आकडे. तेही बघू, कारण आकड्यांना आमचा विरोध नाही. २०१५ साली डेव्हिड व्हील आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधून एक संकलन प्रसिद्ध केलं. आरोग्यसेवकांनी स्वतः मोजलेली मापं घेतली, पुरुषांनी सांगितलेली नव्हे. एकूण पुरुष १५,५२१ पर्यंत. ताठर अवस्थेतली सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर आली, शिथिल अवस्थेतली ९.१६. बहुसंख्य पुरुष या सरासरीच्या आसपासच असतात. त्याआधी २००२ साली इटलीतल्या डॉक्टरांनी ‘आपलं लहान आहे’ म्हणून आलेले ६७ पुरुष तपासले. वैद्यकीय अर्थानं लहान त्यांतला एकही निघाला नाही. सामान्य माप किती असतं याचा बहुतेकांचा अंदाजच वाढीव होता. कुणी लहानपणी मित्राशी तुलना केली होती, कुणी वयात येताना कामुक चित्रं बघितली होती. म्हणजे इथेही समिधा आणि वेळूच.

आणखी एक. अमेरिकेत २००६ साली बावन्न हजारांवर स्त्रीपुरुषांची ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध झाली. आपल्या जोडीदाराच्या आकाराबद्दल समाधानी स्त्रिया ८५ टक्के. स्वतःच्या आकाराबद्दल समाधानी पुरुष ५५ टक्के. अशा पाहणीत आपणहून येणारेच उत्तरं देतात, तेव्हा टक्केवारीला फार चिकटू नये. पण अंतर मोठं आहे. पुरुष म्हणतो, मला तिची काळजी वाटते. आकडे सुचवतात की तिच्या नावानं तो दुसऱ्या पुरुषांसमोर उभा आहे.

इथे कर्वे आठवतात. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. जे घरात विचारता येत नाही, वैद्याला विचारता येत नाही, ते लोक त्यांना पत्रानं विचारत आणि कर्वे छापून उत्तर देत. त्यांच्या उत्तरांत उपदेश नसे, लाजवणं नसे. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणं हा गुन्हा ठरला! त्या निकालाची सावली आपल्या घरांवर अजून आहे, असं आम्हांला वाटतं.

कर्व्यांबद्दल आमच्या मनात आदर आहे, म्हणूनच त्यांच्या मार्गाची मर्यादाही सांगतो. अज्ञान गेलं की भीती जाते, हा त्यांचा बुद्धिवादी विश्वास. पुष्कळांच्या बाबतीत तो खरा ठरतो. पण काहींना तुम्ही तेरा सेंटिमीटरचा आकडा सांगितलात की ते घरी जाऊन मोजतात, आणि उद्या पुन्हा मोजतात. त्याला ‘सामान्य’ असण्यानं समाधान नाही, कारण त्याची भीती लांबीची नाहीच. आपण कुणाच्या तरी नजरेत हसण्याजोगे ठरू, ही ती भीती. सार्त्रनं दुसऱ्याच्या नजरेबद्दल जे सांगितलं ते इथे उपयोगी पडतं. कुणी बघतं आहे असं वाटताच मी स्वतःलाच वस्तू म्हणून बघू लागतो.

याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० साली त्याला प्रेक्षकाची भूमिका म्हटलं. शय्येवर माणूस सहभागी राहत नाही, बाजूला उभा राहून स्वतःचं परीक्षण करतो. परीक्षण सुरू झालं की ताठरता जाते, ती गेली की भीती खरी ठरल्यासारखी वाटते, पुढच्या वेळी परीक्षण आणखी कडक. मग तो पोहायला जात नाही, मित्रांबरोबर सहलीला जात नाही, लग्न पुढे ढकलतो. लग्न झालंच तर बायकोच्या साध्या शांततेचा निकाल म्हणून अर्थ लावतो. ती बिचारी थकलेली असते! तिला तो कधी विचारत नाही. काहींच्या बाबतीत हे नैराश्यापर्यंत जातं, काहींचा तो देहाच्या प्रतिमेचाच विकार होतो. जन्मतः खरोखर फार लहान अवयव असणं ही वैद्यकीय स्थिती आहे, पण ती दुर्मीळ आहे आणि बहुधा बालपणीच डॉक्टरांच्या लक्षात येते.

आणि या भीतीवर जगणारा बाजार आहे. रेल्वेलगतच्या भिंती, रस्त्याकडेचे तंबू, आता मोबाइल. आपल्या औषध नियमांत अनुसूची ‘जे’ आहे. ज्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा कुठल्याही औषधानं करू नये अशांची ती यादी. लैंगिक अवयवाचा आकार सुधारणं हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी तेल विकलं जातं. का? तेल घेणारा तक्रार करायला जाणारच नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याचा धंदा औषधावर चालत नाही, गिऱ्हाइकाच्या लाजेवर चालतो.

मग करायचं काय? एकदा चांगल्या डॉक्टरांना दाखवावं, त्यात लाज नाही. त्यांनी ठीक आहे म्हटल्यावरही विचार सुटत नसेल तर मोजपट्टी बंद ठेवून समुपदेशकाकडे जावं, कारण आता दुखणं मनाचं आहे. आणि आपण जे वडील, काका, मामा, शिक्षक आहोत, आपण दोन गोष्टी कराव्यात. या विषयावरची थट्टा आपल्यासमोर चालू देऊ नये. आणि एखाद्या पोरानं धीर करून ‘माझं लहान आहे’ म्हटलं तर त्याला हसू नये, आकडाही लगेच फेकू नये. शांतपणे विचारावं, ‘कुणापेक्षा?’ तो जो गळून पडलेला शब्द आहे, तो त्याच्याच तोंडून परत येऊ द्यावा. मित्र निघेल, एखादी चित्रफीत निघेल, कुणाचं तरी एक जुनं वाक्य निघेल. वेळू कोणता ते एकदा कळलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

आमचं बोलणं संपलं. आता प्रश्न घेऊ. उठून विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून पाठवा. नाव घालायची गरज नाही, कर्व्यांच्या वाचकांनाही ती मुभा होतीच.